तीन कोम्मा एकोणपन्नास

राजाभाऊ खांबेटे तळघरात दारू मोजत बसलेत, असं त्यांच्या पत्नी सरलाताई फोनवर कोणालाही बिनदिक्कत सांगत. पलीकडे मिरजेला किंवा पुण्याला एकदम शांतता पसरे. ती पुरेशी पसरू दिल्यावर मग त्या खुलासा करत, की दारू काडतुसांत भरायची आहे, आणि हा गृहस्थ ग्लासात भरायला बसला असता तरी तोलूनमापूनच भरली असती.

मोजणं हा राजाभाऊंचा धंदाही होता आणि खोडही. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात ते मोजमापाच्या विभागात होते, तीसएक वर्षं. एखादा भाग शंभरदा बरोबर निघाला तरी एकशे एकाव्या वेळी ते मोजणारच. घरात भिंतीवर खिळा ठोकायचा तर आधी पेन्सिलीच्या इतक्या खुणा होत, की खिळा बाजूला राहून रंगाऱ्याला बोलवायची वेळ येई. जर्मन त्यांचं उत्तम होतं, भांडण तर ते जर्मनमध्येच छान करत. मोजत मात्र मराठीत. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर असं ओठांतल्या ओठांत चाललेलं असे आणि शेजारच्या जर्मनाला वाटे, हा जपबिप करतोय.

बंदुकीचा नाद त्यांना ओयगेन कीन्त्सलेने लावला. कीन्त्सले हा कारखान्यातला त्यांचा पहिला वरिष्ठ. थंडीने काकडणाऱ्या या नव्या पोराला त्याने पहिल्याच आठवड्यात आपला जुना लोकरी कोट दिला आणि दुसऱ्या महिन्यात रानात नेलं. पुढे राजाभाऊंनी रीतसर परीक्षा देऊन यागडशाईन, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळवला आणि नंतर काडतुसं घरी भरण्याचाही. हे परवाने द्यायचे की नाहीत ते सरकार एका लांबलचक शब्दावर ठरवतं, त्सुफरलेसिग्काइट. म्हणजे या माणसाच्या भरवशावर राहता येतं की नाही. तुमच्या भरवशावर राहता येतं, असं लांडराट्सआम्टाने म्हणजे जिल्हा कचेरीने शिक्का मारून दिलंय, याचा राजाभाऊंना इंजिनिअरच्या पदवीहून जास्त अभिमान होता. मका तुडवणारी रानडुकरं ते मारत, पण खात नसत. "मग मारता कशाला?" असं सरलाताई दर मोसमात विचारत आणि उत्तर न ऐकताच उठून जात.

कीन्त्सलेकडे त्याच्या आजोबांची दुनळी रायफल होती. अशा रायफलीचं एक दुखणं असतं. दोन नळ्या शेजारी शेजारी डाख देऊन जोडलेल्या असतात. उजवी उडवली की धक्क्याने हत्यार जरा उजवीकडे जातं, डावी उडवली की डावीकडे. म्हणून बनवणारा नळ्यांची तोंडं अंमळ आत वळवून ठेवतो, आणि एका ठरावीक काडतुसाच्या जोरावर अशी बेतून देतो, की दोन्ही गोळ्या पन्नास मीटरवर जवळजवळ लागाव्यात. काडतूस मऊ पडलं तर गोळ्या फाकतात, कडक झालं तर एकमेकींना ओलांडून जातात. मिरजेत लहानपणी तंबोऱ्याची जोड जुळवताना तासन् तास पाहिलेल्या राजाभाऊंना हे पहिल्या फटक्यात कळलं होतं.

ज्या काडतुसावर ही रायफल बेतली होती, ते बनायचं बंद झालं. बाजारातलं नवं घालून पाहिलं तर दोन गोळ्यांत वीतभर अंतर. बंदूकवाला म्हणाला, डाख वितळवून नळ्या नव्याने बसवू. कीन्त्सले उखडला. आजोबांच्या वेळेपासून बसलेल्या नळ्या कोणी तापवायच्या नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग एकच वाट उरली. रायफल काडतुसासाठी बदलत नसेल तर काडतूस रायफलीसाठी बदलायचं. ते काम राजाभाऊंनी अंगावर घेतलं.

२०१६ चा सगळा उन्हाळा त्यात गेला. दर वेळी दारू दोन सेंटिग्रॅमने वाढवायची, चार काडतुसं भरायची, नेमबाजीच्या मैदानावर जाऊन उजवी-डावी, उजवी-डावी उडवायची. तीन ग्रॅम एकोणपन्नासवर चारही छिद्रं एका काडेपेटीखाली झाकली गेली. कीन्त्सलेने त्या कागदाचा मुका घेतला. राजाभाऊंनी तरी एक्कावन्न करून पाहिलं, आणि रायफल उघडताना तरफ अडली. काडतुसाच्या बुडाची टोपीही चपटी झाली होती, म्हणजे आत दाब हवा त्याहून जास्त झालेला.

"ओयगेन, एकोणपन्नासच्या पुढे हिच्यात कधी जायचं नाही," राजाभाऊ म्हणाले. "ऐंशी वर्षांचं पोलाद आहे. फाटलं तर तुझ्या तोंडावर फाटेल."

"तू भरणार ना? मग मला कसली काळजी," कीन्त्सले म्हणाला.

नोव्हेंबरात, हाक्याची, म्हणजे रान उठवून करायची, मोठी शिकार ठरली होती त्याच आठवड्यात, राजाभाऊंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शिशाच्या गोळ्यांचं अडलेलं पार्सल नेमकं त्याच दिवशी आलं. त्यांना स्वतःला शिकारीला जाता येणार नव्हतं, पण कीन्त्सलेला वीस काडतुसं देण्याचा शब्द गेला होता. गुरुवारी दुपारी ते उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून तळघरात उतरले. सोबत ईप्सिता, त्यांची मुलगी. ती कार्ल्सरूहला शिकत होती, बाबांच्या ऑपरेशनसाठी आली होती. मराठी तिला समजे सगळं, उत्तर जर्मनमध्ये येई.

दारू पाडायला एक इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. त्यात आकडा टाकला की तेवढी दारू वाटीत पडते. डाव्या डोळ्याला ती बारीक पाटी वाचता येईना.

"ईपू, तू टाक आकडा. तीन कोम्मा एकोणपन्नास."

दशांशाला या घरात जर्मनच शब्द होता, कोम्मा. तिने टाकला. "पास्ट, बाबा," म्हणाली, म्हणजे झालं.

राजाभाऊंची रीत अशी, की यंत्रातून पडलेली दर पाचवी वाटी ते जुन्या दांडीच्या तराजूवर पुन्हा तोलत. त्या दिवशी तोलली नाही. तराजूवरच्या रेघा दिसत नव्हत्या, ईप्सिताला मैत्रिणीकडे जायचं होतं, आणि वर कीन्त्सले येऊन सरलाताईंच्या हातची कॉफी पीत बसला होता. यंत्राने कधी दगा दिलेला नाही, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं. यंत्राने त्या दिवशीही दगा दिला नव्हता. तासाभरात वीस काडतुसं डबीत भरून कीन्त्सलेच्या हातात पडली आणि तो खूश होऊन गेला.

शनिवारी सकाळी साडेनऊला तिघं टेबलाशी बसली होती.

"उद्या प्रभाताईला एकोणसाठ पूर्ण होतायत," सरलाताई म्हणाल्या. प्रभाताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. "आठवणीने फोन करायला हवा."

"काय? नॉयनउंडझेख्त्सिश?" ईप्सिता जर्मनमध्ये उद्गारली. "एकोणसत्तर वर्षांची? प्रभामावशी? अजिबात वाटत नाही!"

"अगं, एकोणसाठ! माझ्या बहिणीला दहा वर्षं कुठे चढवतेस?"

"तेच म्हणतेय मी. एकोण म्हणजे नऊ. नऊ आणि साठ."

सरलाताई हसायला लागल्या. "एकोण म्हणजे एक कमी, बावळट. साठाला एक कमी."

जर्मनमध्ये आधी एकम सांगतात आणि मग दशक, 'नऊ आणि साठ' म्हणजे एकोणसत्तर. पोरीने लहानपणापासून मराठी आकडेही त्याच साच्यात ओतले होते. एकवीस, बावीस, पस्तीस सगळे नीट बसत. घोळ फक्त नवाच्या आकड्यांचा होता, आणि ते तिच्याशी कोणी मराठीत बोलतच नसे. राजाभाऊंनी हातातला ब्रेडचा तुकडा खाली ठेवला.

"ईपू, एकोणपन्नास म्हणजे किती?"

"नऊ आणि पन्ना..." ती थांबली.

"गुरुवारी यंत्रात काय टाकलंस?"

"तीन, पाच, नऊ," ती मराठीत म्हणाली.

तीन ग्रॅम एकोणसाठ. दहा सेंटिग्रॅम जास्त. मिठाच्या चिमटीएवढीसुद्धा नाही, पण एक्कावन्नलाच जी रायफल कण्हत होती, तिच्या पोटात आठ सेंटिग्रॅम आणखी. आणि ती रायफल खांद्याला लावून, गाल दस्त्यावर टेकवून, चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा या क्षणी लोवेनश्टाईनच्या रानात उभा. राजाभाऊंनी कीन्त्सलेला फोन लावला. बंद. शिकारीत फोन बंदच ठेवायचा असतो, हे त्यांनीच नवशिक्यांना शंभरदा सांगितलं होतं.

"अहो, गाडीत बसा आधी," सरलाताई म्हणाल्या. चाव्या त्यांच्या हातात होत्या.

फ्रिजवर लावलेलं शिकारीचं निमंत्रण ईप्सिताने उपटून घेतलं. त्यावर हाक्याच्या प्रमुख बाईंचा, फ्राऊ हागचा, अडीअडचणीचा नंबर होता. गाडी गल्लीतून बाहेर पडली तोवर राजाभाऊंनी आकडे दाबले होते, पण हिरव्या खुणेवर अंगठा थबकला. काय सांगायचं? खरं सांगितलं तर गोष्ट कागदावर जाणार. कागदावर गेली की कचेरीत जाणार, आणि तिथे तो लांबलचक शब्द वाट पाहत बसलेला. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण अंगठा हलेना.

"बाबा, त्याची बायको आजारी आहे म्हणून सांगा," ईप्सिता मागून म्हणाली. ती रडत होती. "त्याला बाहेर बोलवतील."

राजाभाऊंनी तेच केलं. फ्राऊ हागने फोन उचलला. मागे कुत्री भुंकत होती. कीन्त्सलेच्या घरी गंभीर आहे, त्याला लगेच बाहेर काढा, असं ते म्हणाले.

"अहो खांबेटे, हाका सुरू झालाय," बाई कुजबुजल्या. "झाडीत माणसं आहेत, कुत्री आहेत. आता कोणी जागा सोडायची नाही, तुम्हाला माहीत आहे. बारा वाजता शिंग वाजलं की सांगते."

बारा वाजायला सव्वादोन तास होते. खोट्याने एवढंच विकत मिळत होतं. राजाभाऊंनी डोळे मिटले.

"बायको ठीक आहे त्याची. खोटं बोललो मी," ते म्हणाले. "त्याच्याकडची काडतुसं मी भरलीत. दारू जास्त पडलीय. दहा सेंटिग्रॅम. त्या रायफलीत पेलणार नाही. आत्ताच्या आत्ता हाका थांबवा."



"तुम्ही तोलली नव्हतीत?"

"नाही."

तेवढ्यात फोनमधून बार ऐकू आला. जवळचा नव्हता, पण एकच, जड, लांबत गेलेला. मग झाडीत कोणीतरी ओरडलं, आणि फ्राऊ हागनी फोन न ठेवताच शिंग तोंडाला लावलं. थांबा, थांबा, थांबा, असं ते शिंग गाडीत वाजत राहिलं आणि मग फोन तुटला.

"त्याचाच?" सरलाताईंनी विचारलं.

"माहीत नाही," राजाभाऊ म्हणाले. पण त्यांना माहीत होतं. उन्हाळाभर त्यांनी तोच आवाज ऐकला होता, आणि आजचा त्याहून मोठा होता.

पुढचा पाऊण तासाचा वाटणारा रस्ता खरं तर बारा मिनिटांचा होता. सरलाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पन्नासच्या पाटीखाली ऐंशीने गाडी काढली. ईप्सिता मागे हाताची नखं खात होती. राजाभाऊंना काही केल्या तो कोट दिसत होता, पंच्याऐंशी सालचा, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला. त्यांना वाटत होतं की देवाचं नाव घ्यावं, आणि तोंडात आकडेच येत होते. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. ज्या भाषेवर पोरगी चुकली तीच त्यांना सुटत नव्हती, आणि पोरीला ती नीट शिकवायची कोणी होती, हा प्रश्नही आता सोडत नव्हता.

रानाच्या कडेला नारिंगी जाकिटं घातलेली माणसं बंदुका उघड्या टाकून उभी होती. फ्राऊ हाग पुढे आल्या. "मीही आत्ताच परत आले. माणूस जिवंत आहे. बोलत नाहीये," एवढंच म्हणाल्या आणि चालायला लागल्या. राजाभाऊ मागे, आणि नको म्हटलं तरी ईप्सिता त्यांच्या कोपराला धरून.

कीन्त्सले ओंडक्यावर बसला होता. चेहरा धड होता. गालावर काजळी आणि डोळ्याखाली एक ओरखडा, बाकी काही नाही. दोन्ही हात, दहा बोटं. रायफल त्याने तोंड उताराकडे करून शेजारी ठेवली होती.

"राजा," कीन्त्सले मान वर न करता म्हणाला, "चुकलो रे. चाळीस पावलांवर. डुक्कर उभं होतं, पळत नव्हतंसुद्धा. पायाखालची माती उडाली नुसती." त्याने नाक पुसलं. "वर्षभर मला शंका येत होती. डोळे गेले आता. आणि नंतर तरफ उघडेना. हातात तेवढासुद्धा जोर उरला नाही. बाई म्हणाल्या, तुझ्या घरून फोन आलाय. मी मनात म्हटलं, बरं झालं, घरीच बसावं आता. ही रायफल तुझ्या नावावर करतो."

फ्राऊ हागनी त्याला काडतुसांचं अजून काहीच सांगितलं नव्हतं. त्या राजाभाऊंकडे पाहत होत्या. चुकलेल्या बाराचा अर्थ म्हाताऱ्याने आपल्या परीने लावून टाकला होता.

"ओयगेन, तिला हात लावू नकोस. डावीकडे अजून काडतूस आहे," राजाभाऊ म्हणाले. "तुझा नेम चुकलेला नाही. माझं काडतूस चुकलं. दारू जास्त होती, खूप जास्त. म्हणून गोळी नळी धक्क्याने वर उचलायच्या आतच सुटून खाली गेली आणि म्हणूनच तरफ अडून बसली. ती दहा माणसांनाही उघडणार नाही. तू मेला असतास."

"आकडा मी टाकला," ईप्सिता म्हणाली.

"तिने मी म्हटलं ते ऐकलं आणि टाकलं. तोलायचं काम माझं. ते मी केलं नाही."

कीन्त्सलेने उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली.

"म्हणजे डोळे माझे ठीक आहेत?"

"ठीक आहेत."

"आणि हात?"

"हातही."

"गॉट झाय डांक," कीन्त्सले म्हणाला, देवाचे आभार, आणि मोठ्यांदा हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, वीस मिनिटं मी इथे मेल्यासारखा बसलो होतो! तुझे उपकार झाले, राजा."

राजाभाऊ शिव्यांची तयारी करून आले होते. पोलिसांचीही. ज्याच्या तोंडाच्या चिंधड्या झाल्या असत्या तो माणूस आपले उपकार मानतोय, याची तयारी कोणी करून येत नाही. ते त्याच्या शेजारी ओल्या पाल्यात बसले आणि रडले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हे त्यांना नंतर आठवलं.

बंदूकवाल्याने दुपारी येऊन रायफल मोकळी केली. नळ्यांमधला डाख केसभर सुटला होता. कीन्त्सले म्हणाला, असू दे, आजोबाही आता थकले असतील. डाव्या नळीतलं धरून उरलेली एकोणीस काडतुसं फ्राऊ हागनी मोजून ताब्यात घेतली आणि अहवाल लिहावा लागेल म्हणाल्या. राजाभाऊंनी मान हलवली.

सोमवारी अहवाल पोचायच्या आधीच ते कचेरीत गेले. कीन्त्सले जिन्यापर्यंत मागे मागे आला. परवाना परत देऊ नकोस, माझी काही तक्रार आहे का, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुझी नाही, म्हणून तर देतोय," राजाभाऊ म्हणाले.

आतल्या तरुण कारकुनाने एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात कारणासाठी एक ओळ होती. स्वतःहून परत करताय तर कारण लिहायची गरज नाही, ती ओळ कोरी सोडा, असं तो समजुतीने म्हणाला. राजाभाऊंनी वाटीशिवायच्या डोळ्याने ओळ शोधली आणि लिहिलं, 'तोलून पाहिलं नाही.'

कारकुनाने वाचलं. "एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," राजाभाऊ म्हणाले आणि खाली सही केली.